गवतकापणी यंत्राचा घर्षण-क्लच व त्याची निगा

झाशीहून कानपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुमारे तीस किलोमीटर अंतरावर चिरगाव हे गाव लागते. हिंदी कवी मैथिलीशरण गुप्त यांचे जन्मगाव म्हणून साहित्याच्या वाचकाला ते ठाऊक असते. शेतीच्या अभ्यासकाला मात्र या गावाभोवतालची जमीनच अधिक बोलकी वाटेल. बुंदेलखंडातील शेतकरी आपल्या जमिनीचे चार प्रकार मानतो. 'मार' आणि 'काबर' या काळ्या, ओल धरून ठेवणाऱ्या जमिनी. 'पडवा' ही हलकी. आणि 'राकड' ही उतारावरची, तांबूस, खडकाळ. पहिल्या तिन्हींत गहू, हरभरा, मसूर अशी पिके निघतात. राकड जमिनीवर नांगर फारसा चालत नाही आणि तेथे निसर्ग आपले पीक आपणच काढतो. ते पीक म्हणजे गवत.

या गवताचे मोल बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. झाशीच्या परिसरात वर्षाचा बहुतेक सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. त्यानंतर आठ महिने जनावरांना वाळलेल्या वैरणीवर काढावे लागतात. रब्बीचे पीक निघाले की गुरे मोकळी सोडून देण्याची येथील 'अन्ना' प्रथा प्रसिद्ध आहे. या प्रथेच्या मुळाशी आळस आहे असे काही जण म्हणतात, परंतु दावणीला बांधलेल्या जनावरापुढे टाकायला काही नसणे हेच तिचे खरे कारण होय. भारत सरकारने १९६२ मध्ये गवताळ प्रदेश व वैरण यांच्या संशोधनासाठी एक संस्था स्थापन करावयाचे ठरविले, तेव्हा तिच्यासाठी झाशीची निवड झाली, ती उगीच नव्हे. पां. म. दबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ मध्ये भारतातील गवताच्या आच्छादनाविषयी जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात द्वीपकल्पातील विस्तीर्ण पट्ट्याचे वर्णन ज्या गवतांच्या नावाने केले आहे, ती गवते झाशीच्या माळावर आहेत तशीच महाराष्ट्रातील माळरानावरही आहेत. मराठी शेतकरी त्यांना पवना आणि मारवेल या नावांनी ओळखतो. त्यांच्याबरोबरीने वाढणारी कुसळीही त्याच्या परिचयाची असते, आणि धोतराला चिकटणाऱ्या तिच्या कुसळांमुळे ती सहजासहजी विसरली जात नाही.

ही गवते फुलोऱ्यावर येण्याच्या सुमारास कापली तर त्यांची वैरण पौष्टिक होते. बी धरून ती पिवळी पडू लागली की प्रथिनांचे प्रमाण झपाट्याने घटते, काडी लाकडासारखी कडक होते आणि कुसळीच्या बाबतीत तर तिची कुसळे जनावरांच्या तोंडात रुततात. कापणीस योग्य असा काळ पाऊस उघडल्यानंतरचा, म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, असा थोड्याच आठवड्यांचा असतो. याच दिवसांत खरिपाची काढणी आणि रब्बीच्या पेरणीची तयारीही चालू असते व मजूर मिळणे कठीण होते. ट्रॅक्टरवर चालणारे गवतकापणी यंत्र येथे उपयोगी पडते ते यामुळेच. २०१४-१५ पासून केंद्र सरकारच्या यांत्रिकीकरण योजनेखाली भाड्याने यंत्रे देणारी केंद्रे निघू लागल्यानंतर, ज्याच्यापाशी स्वतःचा ट्रॅक्टर नाही अशा शेतकऱ्यालाही असे यंत्र मिळण्याची सोय झाली.

परंतु ज्या जमिनीवर गवत उगवते, ती जमीनच या यंत्राची वैरी असते. बुंदेलखंडाच्या पोटात ग्रॅनाइटचा प्राचीन खडक आहे आणि त्यातून गारगोटीच्या लांबच लांब भिंती वर आलेल्या आहेत. त्यांचे तुटून पडलेले धोंडे गुडघाभर गवतात दिसत नाहीत. पळसाचे तोडलेले खुंट, बोरीची जुनी मुळे, सिमेंटइतकी घट्ट झालेली वारुळे हीदेखील गवताखाली दडलेली असतात. यंत्राचे पाते अशा एखाद्या वस्तूवर आदळते त्या क्षणी काय होते आणि काय व्हावयास हवे, हा या प्रकरणाचा विषय आहे.

धक्का कोठे जातो

येथे ज्या यंत्राचा विचार करावयाचा आहे त्याला कामगार आणि शेतकरी 'स्लॅशर' म्हणतात. पोलादी पत्र्याच्या आच्छादनाखाली एक आडवा दांडा जमिनीला समांतर फिरतो व त्याच्या दोन्ही टोकांना खिळीवर मोकळी झुलणारी जाड पाती असतात. ट्रॅक्टरच्या मागील बाजूस असलेला पी. टी. ओ. शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो. हे फेरे दोन जॉइंट असलेल्या लांब दांड्यातून यंत्राच्या गिअरबॉक्सकडे जातात. तेथे त्यांची दिशा काटकोनात वळते, गती वाढते आणि पाती फिरू लागतात.

पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला ७५ मीटरच्या आसपास असतो. दोन्ही पात्यांचे मिळून वजन १० किलोग्रॅम आहे आणि ते सारे टोकाजवळ एकवटले आहे, असे हिशेबाच्या सोयीसाठी धरले, तर त्यांच्यात सुमारे २८,००० जूल इतकी गतिज ऊर्जा साठलेली असते. एक टन वजनाची जीपगाडी ताशी २७ किलोमीटर वेगाने धावत असता तिच्यात जेवढी ऊर्जा असते तेवढीच ही होय. पात्यापुढे धोंडा आला म्हणजे ही गाडी भिंतीवर आदळली असे समजावे. पाती खिळीवर झुलती असल्याने मागे वळतात आणि बराचसा धक्का पचवितात. परंतु खुंट जाड असेल, अथवा धोंडा पात्याच्या दांड्यालाच अडला, तर दांडा जागीच थांबू पाहतो.

दुसऱ्या टोकाला मात्र थांबण्याचे नाव नसते. ट्रॅक्टरच्या इंजिनाचे जड गतिपालक चाक आपल्या वेगाने फिरतच असते आणि त्यामागे इंजिनाची शक्ती असते. एका टोकाला थांबलेला दांडा आणि दुसऱ्या टोकाला न थांबणारे इंजिन यांच्यामध्ये जे काही आहे, त्यातील सर्वांत दुबळा भाग तुटणार हे उघड आहे. तो भाग कोणता असावा, याची निवड यंत्र बनविणाऱ्याने आधीच करून ठेवलेली असते. ती त्याने केली नाही, किंवा त्याने केलेली निवड वापरणाऱ्याने मोडून टाकली, तर मग गिअरचे दात, जॉइंटचा क्रॉस किंवा ट्रॅक्टरच्या पी. टी. ओ.चा शाफ्ट यांपैकी एकाची पाळी येते. ऑक्टोबरमध्ये गिअरबॉक्स फुटला तर सुटा भाग शहरातून येईपर्यंत गवत वाळून जाते. दुरुस्तीच्या खर्चापेक्षा हे नुकसान मोठे, आणि ते कोणत्याही बिलात दिसत नाही.

अशी मुद्दाम ठेवलेली दुबळी जागा दोन प्रकारची असते. पहिला प्रकार शिअर बोल्टचा. ठरावीक जोराच्या पलीकडे ताण गेला की हा बोल्ट कापला जातो आणि शाफ्ट मोकळा फिरू लागतो. योजना स्वस्त आहे, सोपीही आहे, परंतु दगडाळ माळावर दिवसातून पाच-सहा वेळा बोल्ट बदलावा लागला की माणसाचा धीर सुटतो. मग त्या जागी हाताशी असलेला कोणताही कडक बोल्ट, क्वचित सळईचा तुकडाही, ठोकला जातो. दिसायला दोन्ही बोल्ट सारखेच. पण मूळचा बोल्ट तुटण्यासाठी बनविलेला असतो आणि नवा न तुटण्यासाठी. घरातील विजेच्या फ्यूजमध्ये जाड तार घालणाऱ्या माणसाचीच ही चतुराई म्हणावी लागेल.

दुसरा प्रकार घर्षण-क्लचचा. तो तुटत नाही, घसरतो. धोंडा लागला की क्षणभर घसरतो, पाते मोकळे झाले की पुन्हा पकड घेतो, आणि चालकाला खाली उतरावे लागत नाही. दगडाळ जमिनीसाठी हा प्रकार अधिक सोयीचा आहे यात शंका नाही. मात्र त्यात एक खोट आहे. शिअर बोल्ट चुकीचा असेल तर निदान तो पाहून कळू शकते. घर्षण-क्लच गंजून घट्ट बसला असेल तर बाहेरून तो अगदी ठाकठीक दिसतो, यंत्रही उत्तम चालते, आणि पहिला धोंडा लागेपर्यंत कोणालाच काही समजत नाही.

स्प्रिंगांचे गणित

क्लचची रचना समजायला कठीण नाही. एक पोलादी चकती, तिच्या दोन्ही अंगांना घर्षणद्रव्याच्या चकत्या, त्यांच्या बाहेर पुन्हा पोलादी चकत्या, आणि या साऱ्या चळतीला दाबून धरणारी स्प्रिंगांची रांग, असे तिचे स्वरूप असते. सहा किंवा आठ बोल्टांवर एकेक स्प्रिंग बसविलेली असते व नट आवळला की स्प्रिंग दबते. चळतीतील काही चकत्या ट्रॅक्टरकडील दांड्याशी जोडलेल्या असतात, काही यंत्राकडील तुंब्याशी. दोहोंना जोडणारा दुवा केवळ घर्षणाचा. क्लच नेहमी दांड्याच्या यंत्राकडील टोकाला असावा. ट्रॅक्टरकडे बसवू नये.

किती जोर आला असता हा दुवा सुटावा, हे चार गोष्टींवर अवलंबून असते: स्प्रिंगांचा एकूण दाब, घर्षण होणाऱ्या पृष्ठांची संख्या, चकतीची सरासरी त्रिज्या आणि घर्षणाचा गुणक. एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. ३० अश्वशक्ती ५४० फेऱ्यांतून वाहून नेताना शाफ्टवर जो पीळ येतो, तो एक मीटर लांबीच्या आडव्या दांड्याच्या टोकाला ४० किलोग्रॅमचे वजन टांगल्याने येणाऱ्या पिळाइतका असतो. क्लच याच्या दुप्पट, म्हणजे ८० किलोग्रॅमला घसरावा अशी योजना आहे असे समजू. पृष्ठे चार, सरासरी त्रिज्या ७ सेंटिमीटर आणि कोरड्या लायनिंगचा घर्षणगुणक ०.३५ धरला, तर चळतीवर सुमारे ८१६ किलोग्रॅमचा दाब हवा. आठ स्प्रिंगा असल्यास प्रत्येकीच्या वाट्याला सुमारे १०२ किलोग्रॅम येतात. स्प्रिंग ६ मिलिमीटर दबल्यावर एवढा दाब देत असेल, आणि बोल्टाच्या आट्यांचे अंतर दीड मिलिमीटर असेल, तर नटाचा प्रत्येक जादा फेरा दाब २५ टक्क्यांनी वाढवितो. दोन जादा फेऱ्यांनी क्लच ८० ऐवजी १२० किलोग्रॅमला घसरू लागेल. प्रत्येक यंत्राचे आकडे वेगळे असतात आणि ते त्याच्या पुस्तिकेतूनच घेतले पाहिजेत. परंतु 'थोडे आवळून टाकले' या शब्दांत किती अर्थ दडलेला आहे, हे या उदाहरणावरून ध्यानात यावे.

याहून वाईट प्रकार म्हणजे नट इतके आवळणे की स्प्रिंगेचे वेटोळे एकमेकांना टेकतात. मग स्प्रिंग ही स्प्रिंग राहत नाही, लोखंडाची नळी होते. चळत कायमची जखडली जाते आणि क्लच आहे तेथेच असूनही नसल्यासारखा होतो.

नट आवळण्याचा मोह का होतो, हेही पाहिले पाहिजे. दाट गवतात यंत्र मंदावू लागले, क्लचमधून जळका वास आला, की चालकाला वाटते क्लच सैल झाला. कधी ते खरेही असते. पण पुष्कळदा पाती बोथट झालेली असतात, किंवा ट्रॅक्टर वरच्या गिअरमध्ये हाकला जात असतो, किंवा आच्छादनाखाली ओले गवत कोंबले गेलेले असते. कधी क्लचमध्ये ग्रीस शिरलेले असते. चकत्यांना तेल लागले की घर्षणगुणक ०.१ च्या आसपास येतो, आणि वरच्या उदाहरणातील क्लच ८० ऐवजी २३ किलोग्रॅमलाच घसरू लागतो. म्हणजे नेहमीच्या ४० किलोग्रॅमच्या कामालाही तो पुरत नाही. अशा वेळी नट आवळणे हा उपाय नसून चकत्या स्वच्छ करणे हा आहे. पाती धारदार, चाल मंद आणि चकत्या कोरड्या अशा तिन्ही गोष्टी पाहून झाल्यावरच पान्याला हात घालावा; आणि तोही प्रत्येक नटाला सारखा, एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक नाही.

क्लच घसरत असताना इंजिनाची जी शक्ती पात्यांकडे जावयाची ती सगळी उष्णतेत रूपांतरित होते. ३० अश्वशक्ती म्हणजे सुमारे २२ किलोवॉट. ताटाएवढ्या जागेत एक किलोवॉटच्या बावीस शेगड्या पेटविल्यासारखे ते आहे. धोंड्याला लागून क्षणभर घसरणे क्लचला मानवते. दोन-तीन सेकंदांपेक्षा अधिक वेळ तो घसरत राहिला तर चालकाने पी. टी. ओ. तत्काळ बंद करावा. यंत्र सुरू करतानाही इंजिनाची गती कमी ठेवून पी. टी. ओ. जोडावा आणि पाती फिरू लागल्यावर गती वाढवावी. भर गतीत एकदम जोडण्याची सवय असलेला चालक दररोज थोडे थोडे लायनिंग जाळीत असतो.

पावसाळ्यानंतरची कसोटी

आता मुख्य गोष्टीकडे वळावयाचे. गवतकापणीचे यंत्र वर्षातून थोडे आठवडे राबते आणि उरलेला काळ उभे असते. या उभ्या काळात संपूर्ण पावसाळा येतो. घर्षणद्रव्य सच्छिद्र असते व ते दमट हवेतील ओल शोषून घेते. शेकडो किलोग्रॅमच्या दाबाखाली ही ओलसर चकती महिनोन्महिने पोलादाला चिकटून राहिली की पोलादाला गंज चढतो, गंज लायनिंगच्या छिद्रांत शिरतो आणि दोन्ही पृष्ठे जणू डिंकाने चिकटवावीत तशी एक होतात. घर्षणाचा कोणताही हिशेब मग लागू पडत नाही. जो क्लच ८० किलोग्रॅमला घसरावयाचा, तो त्याच्या कितीतरी पट जोरालाही दाद देत नाही. चकत्यांप्रमाणेच तुंबा ज्या बुशावर फिरतो, तेथेही असाच गंज धरतो. त्याकडे बहुधा दुर्लक्ष होते.

म्हणून हंगामाच्या आरंभी, यंत्र माळावर नेण्यापूर्वी, क्लच मोकळा करून पाहावा लागतो. या कामाला अर्धा-पाऊण तास पुरतो. त्याची रीत पुढीलप्रमाणे आहे.

प्रथम यंत्र सपाट जमिनीवर टेकवावे, पी. टी. ओ. बंद करावा, इंजिन थांबवावे आणि किल्ली काढून चालकाने स्वतःच्या खिशात ठेवावी. पाती पूर्ण थांबेपर्यंत जवळ जाऊ नये. पुष्कळ यंत्रांत पी. टी. ओ. सुटल्यावरही पाती आपल्या वेगाने फिरत राहतील अशी वेगळी एकदिश क्लचची योजना असते. हा एकदिश क्लच आणि घर्षण-क्लच यांची गल्लत होऊ देऊ नये. फिरत्या पात्यांनी ट्रॅक्टरला पुढे ढकलू नये हे पहिल्याचे काम, धक्का पुढे जाऊ न देणे हे दुसऱ्याचे. यंत्राखाली हात घालावयाचा असेल तर केवळ हायड्रॉलिकवर विसंबू नये, भक्कम लाकडी ठोकळे लावावेत.

त्यानंतर प्रत्येक स्प्रिंगेची लांबी पोलादी पट्टीने मोजून कागदावर लिहावी. ही नोंद न करता नट सैल करणे म्हणजे परतीची वाट पुसून पुढे जाणे होय. मग सर्व चकत्यांच्या कडांवरून खडूने किंवा रंगाने एक सरळ आडवी रेघ ओढावी, अशी की ती प्रत्येक चकतीला स्पर्श करील. मग प्रत्येक नट मोजून सारखेच फेरे सैल करावा. बहुतेक पुस्तिकांत हे दोन फेरे सांगितलेले असतात.

आता दांड्यावरील संरक्षक नळकांडे जागेवर आहे याची खात्री करून, आसपास कोणी नाही असे पाहून, ट्रॅक्टर सुरू करावा व पी. टी. ओ. दोन-तीन सेकंदच जोडून सोडावा. थोड्या वेळाने पुन्हा एकदा तसेच करावे. पात्यांचे वजन जागचे हलण्यास नाखूष असते आणि स्प्रिंगा सैल असतात, त्यामुळे चकत्या घसरल्याच पाहिजेत. थोडा धूर दिसला तर घाबरण्याचे कारण नाही. मग पूर्वीप्रमाणेच सर्व बंद करून, किल्ली काढून, क्लच हाताळण्याइतका निवल्यावर खडूची रेघ पाहावी.

या रेघेत सारे उत्तर असते. घर्षणद्रव्याच्या प्रत्येक चकतीच्या दोन्ही अंगांना रेघ तुटलेली दिसली, तर सर्व पृष्ठे मोकळी झाली. एका ठिकाणी तुटली आणि दुसऱ्या ठिकाणी अखंड राहिली, तर अर्धा क्लच अजून चिकटलेला आहे. पुष्कळ जण येथेच फसतात. क्लच घसरला एवढे पाहून ते समाधान मानतात. रेघ कोठेच तुटली नाही तर पुन्हा पुन्हा झटके देऊन ती तोडण्याचा हट्ट धरू नये. ज्या गिअरबॉक्सला वाचवावयाचे त्यालाच तो हट्ट मारक ठरतो. क्लच उघडणे हाच तेव्हा मार्ग.

सर्व पृष्ठे मोकळी झाली असतील तर नट जितके फेरे सैल केले होते तितकेच पुन्हा आवळावेत आणि स्प्रिंगांच्या लांब्या नोंदीशी ताडून पाहाव्यात. नट एकामागून एक गोलाकार न आवळता समोरासमोरचे आवळावेत, म्हणजे दाबचकती तिरकी होत नाही. कामाच्या पहिल्या तासात दोन-तीन वेळा यंत्र थांबवून क्लच फार तापला आहे का हे पाहावे.

काही युरोपीय बनावटीच्या क्लचमध्ये याहून वेगळी सोय असते. त्यांवरील ठरावीक चार नट आवळले की स्प्रिंग मागे खेचली जाते आणि चकत्या मोकळ्या होतात. वापर सुरू करताना हे नट उलट दिशेने पूर्ण मागे घ्यावे लागतात. नेहमीच्या क्लचची सवय असलेला माणूस येथे नेमके उलटे करून बसतो. पुस्तिका इंग्रजीत आहे म्हणून ती पेटीत टाकून देण्यापेक्षा तिच्यातील ते एक पान गावातील शिक्षकाकडून वाचून घेणे फायद्याचे.

क्लच उघडल्यावर

चिकटलेल्या चकत्या वेगळ्या करताना छिन्नी-हातोडीने लायनिंगवर घाव घालू नयेत. लायनिंग ठिसूळ असते व तुकडे उडतात. पातळ सपाट पट्टी कडेने हळूहळू सरकवीत गेल्यास चकत्या सुटतात. पोलादी पृष्ठांवरील गंज पॉलिश पेपरने काढावा आणि चकत्या कोरड्या फडक्याने पुसाव्यात. तेलकटपणा असेल तर तेल न ठेवता उडून जाणारे द्रावण वापरावे. डिझेलने धुणे निरुपयोगी, कारण डिझेल स्वतःच तेलकट असते. जुन्या लायनिंगांत ॲस्बेस्टॉस वापरण्याची पद्धत होती आणि जुन्या यंत्रांत ती अजूनही सापडतात. त्यांची धूळ फुप्फुसांना घातक असल्याने ती तोंडाने किंवा हवेच्या नळीने फुंकू नये, ओल्या फडक्याने टिपून घ्यावी.

पोलादी चकतीवर निळे डाग दिसले तर त्या जागी तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले होते असे समजावे. असे डाग एकाच बाजूला असतील तर स्प्रिंगा विषम आवळल्या गेल्या होत्या. चकतीवर पोलादी पट्टी उभी धरून उजेडाकडे पाहिले म्हणजे ती वाकली आहे का हे कळते. वाकलेली चकती ठोकून सरळ करण्याचा खटाटोप करू नये. लायनिंगची जाडी नवी असताना बहुधा तीन मिलिमीटरच्या आसपास असते. ती किती झिजेपर्यंत चालते हे पुस्तिकेत दिलेले असते. लायनिंग झिजले की स्प्रिंग तेवढी सैल पडते, म्हणून नटाची जागा न पाहता स्प्रिंगेची लांबीच मोजावी, हा नियम येथेही लागू पडतो. एखादी स्प्रिंग इतरांपेक्षा आखूड झाली असेल, तर ती तापून मऊ पडली आहे; अशा वेळी सगळा संच बदलावा.

जोडणी करताना बुशाला ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा. तेवढ्यापुरतेच. जॉइंटच्या क्रॉसना ग्रीस भरणारा माणूस उत्साहाच्या भरात क्लचलाही ग्रीस चारतो, असा प्रकार वर्कशॉपमध्ये नवा नाही.

या सर्व कामात एक धोका यंत्रापेक्षा माणसाला अधिक असतो. मिनिटाला ५४० फेरे म्हणजे सेकंदाला नऊ. संरक्षक नळकांडे नसलेला, आठ सेंटिमीटर जाडीचा उघडा दांडा एका सेकंदात दोन मीटरहून अधिक कापड गुंडाळून घेतो. खांद्यावरचा गमछा, धोतराचा सोगा, साडीचा पदर यांना सोडवून घेण्याइतका अवधी त्यात नसतो. क्लच तपासण्यासाठी काढलेले नळकांडे 'नंतर लावू' म्हणून बाजूला ठेवण्याची चाल सर्वत्र आढळते. ट्रॅक्टर व शेतीयंत्रे यांच्या प्रशिक्षणासाठी नर्मदाकाठी बुधनी येथे १९५५ मध्ये केंद्रीय संस्था सुरू झाली, आणि तेव्हापासून चालकांच्या अनेक पिढ्या तेथे शिकून बाहेर पडल्या. परंतु गावात ट्रॅक्टर चालविणाऱ्यांपैकी बहुसंख्य जण कोणत्याही संस्थेत गेलेले नसतात. त्यांनी जे पाहिले तेच ते करतात, आणि त्यांना पाहूनच पुढची पोरे शिकतात.

हंगाम संपल्यावरची निगा थोडक्यात सांगता येईल. यंत्र धुताना पाण्याचा झोत क्लचवर मारू नये. यंत्र छपराखाली, जमिनीपासून उंच, फळ्यांवर ठेवावे. स्प्रिंगांचे नट सैल करून चकत्यांवरील दाब काढून टाकावा. दाब नसला तर ओल आली तरी चकत्या सहसा चिकटत नाहीत. छप्पर नसेल तर निदान क्लचवर ताडपत्री बांधावी, पण ती खालून मोकळी असावी, नाही तर आत दव साचते. नट सैल करणारा आणि पुढील ऑक्टोबरमध्ये यंत्र बाहेर काढणारा माणूस एकच असेल असे नाही. भाड्याच्या यंत्राच्या बाबतीत तर तो बहुधा वेगळाच असतो. तेव्हा सैल केलेल्या फेऱ्यांची संख्या आणि स्प्रिंगेची मोजलेली लांबी पत्र्याच्या तुकड्यावर रंगाने लिहून, तो तुकडा तारेने पी. टी. ओ. दांड्याच्या ट्रॅक्टरकडील तोंडाला बांधून ठेवावा, म्हणजे तो सोडल्याशिवाय दांडा ट्रॅक्टरला जोडताच येणार नाही.